‘द ग्रुप’ चित्रपटामागची तीस वर्षे

सिडनी ल्युमेट दिग्दर्शित ‘द ग्रुप’ हा अमेरिकन चित्रपट १९६६ मध्ये आला, पण त्याची गोष्ट सुरू होते ती १९३३ च्या जूनमध्ये, महामंदीच्या दिवसांत. पकिप्सी येथील व्हॅसार या मुलींच्या महाविद्यालयातून नुकत्याच पदवीधर झालेल्या आठ मैत्रिणी त्यांच्यातल्याच के नावाच्या मैत्रिणीच्या लग्नाला जमतात. पुढे नोकरी, संसार, बाळंतपण, घटस्फोट असे प्रत्येकीचे वेगळे काही घडत जाते आणि १९४० मध्ये त्या पुन्हा एकत्र येतात, त्या केच्या अंत्यविधीसाठी.

मूळ कादंबरी मेरी मॅकार्थी यांची. त्या स्वतः व्हॅसारच्या १९३३ च्या तुकडीतल्या. पदवी मिळताच काही दिवसांत त्यांनी हॅरल्ड जॉन्सरूड यांच्याशी लग्न केले होते, आणि केच्या नवऱ्याचे नावही हॅरल्डच आहे. कादंबरीत आपलीच ओळख पटल्याने वर्गमैत्रिणी रागावल्या, यात नवल नाही.

कादंबरीतले सर्वांत गाजलेले प्रकरण पुस्तकाच्या नऊ वर्षे आधी, १९५४ मध्ये, ‘पार्टिझन रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले गेले होते. त्यात आठ जणींपैकी डॉटी गर्भनिरोधक साधन बसवून घेण्यासाठी डॉक्टरकडे जाते. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अशी साधने टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले होते, आणि डॉक्टरांना ती मागवण्याची मोकळीक न्यायालयाने दिली ती १९३६ मध्ये. त्यामुळे १९३३ च्या डॉटीचे हे पाऊल साधे नव्हते. (संततिनियमनाच्या चळवळीच्या अग्रणी मार्गारेट सँगर १९३५ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या, र. धों. कर्वे मुंबईत हेच काम त्याआधीपासून करत होते.)

कादंबरी १९६३ मध्ये आली. त्याच वर्षी बेटी फ्रिडन यांचे ‘द फेमिनाइन मिस्टिक’ हे स्त्रीवादी पुस्तक निघाले आणि त्याची सुरुवातही त्यांनी स्मिथ महाविद्यालयातल्या आपल्या वर्गमैत्रिणींना पाठवलेल्या प्रश्नावलीतूनच झाली होती. शिकलेल्या बायकांचे शिक्षणानंतर काय होते, हा प्रश्न तेव्हा हवेतच होता.

पटकथा आणि निर्मिती सिडनी बकमन यांची. कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगायला नकार दिल्यामुळे ते पूर्वी हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेले होते. अडीच तासांत आठ आयुष्ये बसवताना कादंबरीचा तिरकस उपहास बराचसा हरवला, असे मला वाटते. तरी कँडिस बर्गन यांनी आपल्या या पहिल्याच चित्रपटात रंगवलेली ‘लेकी’ नावाची मैत्रीण लक्षात राहते. ती सुरुवातीलाच युरोपला निघून जाते आणि परतते ती एका स्त्रीची जोडीदार म्हणून. असे नाते पडद्यावर दाखवण्यावरची बंदी हॉलिवूडच्या आचारसंहितेने १९६१ मध्येच, तीही जपूनच, सैल केली होती.