दोन विषम संख्या, एक अक्षर

दोन विषम संख्यांची बेरीज सम असते. हे सिद्ध करायला सांगितलं की पुष्कळदा असं उत्तर येतं:

विषम संख्या = २न + १. बेरीज = (२न + १) + (२न + १) = ४न + २. म्हणून सम.

निष्कर्ष खरा, आकडेमोडही बिनचूक. तरी सिद्धता चुकलेली आहे. दोन्ही संख्यांना एकच अक्षर दिल्यामुळे त्या दोन राहिल्याच नाहीत. ३ + ३ किंवा ५ + ५ साठी हे चालेल, ३ + ५ साठी नाही. ४न + २ खरं मानलं, तर दोन विषम संख्यांच्या बेरजेला ४ ने कधीच भाग जाणार नाही. पण १ + ३ म्हणजे तर ४ च.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे लिहिण्यातली चूक आणि विचारातली चूक वेगळी काढताच येत नाही. आता तीच गोष्ट वाक्यांत लिहू. ‘पहिली संख्या २म + १ आणि दुसरी २न + १ मानू. म आणि न हे कोणतेही पूर्णांक आहेत. बेरीज २(म + न + १) येते, म्हणजे एका पूर्णांकाची दुप्पट. म्हणून ती सम आहे.’ ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ हे शब्द लिहिले की दुसरं अक्षर आपोआप आठवतं. शब्द इथे राखण करतात.

नवव्या शतकात गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणित लिहिलं ते सगळं शब्दांतच. बरोबरचं चिन्ह फार उशिरा, १५५७ मध्ये आलं. ‘च्या बरोबर आहे’ हे पुन्हा पुन्हा लिहावं लागू नये म्हणून वेल्सचे गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दोन समांतर रेघा निवडल्या. त्यांच्याइतक्या सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, असं कारणही दिलं. म्हणजे हे चिन्ह मुळात क्रियापदासकट एक वाक्यांश आहे. समीकरण मोठ्याने वाचता आलं पाहिजे. ‘३ + ४ = ७ × २ = १४’ वाचून पाहा: तीन अधिक चार बरोबर चौदा! लिहिणाऱ्याला ‘मग’ म्हणायचं होतं आणि त्याने ‘बरोबर’ म्हटलं.

अर्थात शब्दही फसवतात. ‘प्रत्येक संख्येपेक्षा मोठी एक संख्या असते.’ संख्या बदलली की तिच्याहून मोठी संख्याही बदलेल, असं म्हणायचं असेल तर विधान खरं. सगळ्यांहून मोठी अशी एकच संख्या आहे, असा अर्थ घेतला तर साफ खोटं. आणि ‘हे उघडच आहे’ असं लिहावंसं वाटलं, की तिथेच थांबून ती पायरी कागदावर मांडून बघावी. कितीदा तरी ती मांडता येत नाही.

अपुरं लिहिण्याची मोठी किंमत फ्रेंच गणितज्ञ एव्हारिस्त गाल्वा यांनी मोजली. कोणती समीकरणं वर्गमूळ, घनमूळ अशी मुळं काढून सोडवता येतात, यावरचा त्यांचा निबंध १८३१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गणितज्ञ प्वासों यांनी तपासला. युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही, पुरेसा विस्तारलेलाही नाही, असा अभिप्राय देऊन तो नाकारला गेला. पुढच्याच वर्षी, विसाव्या वर्षी, गाल्वा द्वंद्वयुद्धात मारले गेले. १८४६ मध्ये गणितज्ञ लिउव्हिल यांनी तो निबंध छापला. थोडक्यात लिहिण्याचा अतिरेकी हव्यास हाच यातला दोष, असं त्यांनी नोंदवलं. किरकोळ गाळलेल्या जागा भरून घेतल्यावर त्यांना ती सिद्धता अचूक दिसली.