खुलासा: पहिला नंबर म्हणजे सर्वाधिक खप नव्हे

रत्नागिरी-चिपळूणकडच्या रॉकवेड्या मुलांच्या गप्पांत एक समज वर्षानुवर्षे पक्का आहे: चार्टवर, म्हणजे आठवड्याच्या खपाच्या यादीत, पहिला न आलेला अल्बम पडला. हे साफ चूक आहे.

चार्टचा क्रमांक म्हणजे त्या एका आठवड्याची शर्यत. हर्णैच्या लिलावात आज कुणाची टोपली सर्वांत मोठी, यावरून वर्षभराची मासळी मोजता येत नाही, तसंच. समोर कोण आहे त्यावर क्रमांक ठरतो. मंद आठवड्यात थोड्या खपावरही पहिला नंबर मिळतो.

एसी/डीसी या रॉक बँडचा 1980 चा ‘बॅक इन ब्लॅक’ अल्बम अमेरिकेत चौथ्या क्रमांकापुढे गेलाच नाही. 2019 मध्ये त्याच्या खपाची तिथली नोंद 25 प्लॅटिनम, म्हणजे अडीच कोटी प्रती झाली! पिंक फ्लॉइड या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ तिथे एकच आठवडा पहिला होता, पण चार्टवर 900 हून जास्त आठवडे राहिला.

1991 पूर्वीचे क्रमांक तर आणखी जपून वापरा. तेव्हा दुकानदार काय खपतंय ते फोनवर सांगत. त्या मे महिन्यापासून बारकोडची मोजणी आली.

प्लॅटिनमचा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. अमेरिकेत 10 लाख प्रतींना एक प्लॅटिनम, पण लांबीच्या अटीत बसणाऱ्या किंवा व्हिनाइलच्या तबकड्यांच्या काळातल्या दुहेरी (दोन तबकड्यांच्या) अल्बमचा एक संच दोन धरतात. त्यामुळे पिंक फ्लॉइडच्याच ‘द वॉल’ या दुहेरी अल्बमच्या 23 प्लॅटिनमचे प्रत्यक्ष संच साधारण 1 कोटी 15 लाख. शिवाय 2016 पासून 1,500 स्ट्रीम (गाणं ऑनलाइन वाजवल्याच्या वेळा) एका अल्बमइतके मोजले जातात.