करून बघितलेली रेसिपी आणि नुसती जुळवलेली रेसिपी

दिवाळी जवळ आली की नेटवर अनारशांचा पूर येतो आणि सगळ्या रेसिप्या दिसतात सेम, तेच जाळीदार फोटो, तेच साहित्य, तेच "कधीच न बिघडणारे" हेडिंग. पण त्यात दोन जाती असतात, एक जिने खरंच तूप तापवून केलीय तिची आणि दुसरी चार ठिकाणचं वाचून जुळवलेली.

जुळवलेली रेसिपी बऱ्याचदा चुकीची नसतेच, हीच तर गोची आहे. तांदूळ 3 दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, दळा, गूळ मिसळा, पीठ मुरलं की खसखशीवर थापून तळा. सगळं बरोबर. फक्त जिथे आपलं अडतं तिथे ती गप्प. वाळवा म्हणजे किती? केलेली बाई सांगणारच की सावलीत कपड्यावर पसरा आणि हाताला दमट लागतायत तोवरच दळा, पार खडखडीत वाळवू नका. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. आणि मेन म्हणजे अनारसा हसला, तुपात पसरून विरघळायलाच लागला, तर गूळ जास्त झालाय, त्यासाठी थोडं बिनगुळाचं पीठ आधीच बाजूला काढून ठेवा म्हणजे त्यात मिसळता येतं. मी तर आता रेसिपी उघडली की आधी "बिघडलं तर" कुठे लिहिलंय का तेच शोधते, नसेल तर पुढे.

मापाचंही तसंच. उकडीच्या मोदकाला पिठीएवढंच पाणी हे कोणीही लिहील, पण तांदूळ नवा असेल तर पाणी जरा कमी घ्या हे हात भाजलेलीच लिहिते. (आणि "1 कप" म्हणजे 240 मिलीचा कप की घरातली वाटी, हे केकच्या वेळी तरी सांगा रे!)

व्ह्यूज बघून काही कळत नाही, ते बघणाऱ्यांचे असतात, करणाऱ्यांचे नाहीत. कमेंट्समध्येसुद्धा "वॉव ताई मस्त" सोडून द्या, "काल केले, उकड चिकट झाली, काय करू" अशी कमेंट आणि खाली तिला नीट उत्तर दिसलं तर ती रेसिपी सेव्ह करा.

रील्स मात्र अगदीच टाकाऊ नाहीत हां, मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या ते वाचून थोडंच कळतं, तिथे रीलच बघावी, प्रमाण दुसरीकडून घ्यावं.