सिलिअक: दोष गव्हाकडे जायला लागलेली साठ वर्षं

पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातपाय काड्या, शी फिकट, भरपूर आणि घाण वासाची. हा सिलिअक, गव्हातल्या ग्लूटेनने लहान आतडं बिघडवणारा आजार. लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये अशा मुलांचं वर्णन छापलं आणि बरं व्हायचं तर आहारानेच, असं ठामपणे म्हटलं. कोणत्या आहाराने, ते उमगलं नव्हतं. रोज हॉलंडचे शिंपले खाऊन एक मूल सुधारलं. हंगाम सरला तसं पुन्हा खालावलं.

1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली ती ब्रेड बंद झाला म्हणून, श्रेय मात्र केळ्यांना मिळालं. मग 'बरा झाला' म्हणून ब्रेड पुन्हा सुरू, की दुखणंही परत. (ही चूक अजूनही घरोघरी होते.)

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावरचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीचाच. 1944-45 च्या हॉलंडमधल्या उपासमारीच्या हिवाळ्याची गोष्ट (ब्रेड मिळेना, तशी ही मुलं सुधारली) सगळे सांगतात, पण खरा पुरावा त्यांच्या चिकाटीचा: मुलांना गहू द्यायचा, काढायचा, वजनाची नोंद ठेवायची. 1950 मध्ये प्रबंध आला. पुढे सहकाऱ्यांसह शौचातली चरबी मोजून त्यांनी दोषी घटकही दाखवला. कणकेचा गोळा नळाखाली धूत राहिलं की स्टार्च वाहून जातो आणि हाती रबरासारखा चिकट लगदा उरतो, तोच ग्लूटेन.

1957 च्या सुमारास गिळायच्या कॅप्सूलने लहान आतड्याचा तुकडा काढता येऊ लागला, तेव्हा सपाट झालेले व्हिलाय (अन्न शोषणारे अस्तरावरचे बारीक उंचवटे) दिसले. एकेकाळी निदानाला अशा तुकड्याच्या तीन तपासण्या, म्हणजे तीन बायॉप्सी, लागत. 2020 च्या मुलांसाठीच्या युरोपीय निकषांनुसार रक्तातली टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर बायॉप्सी टाळता येते. टीटीजीबरोबर रक्तातलं एकूण आयजीएही (टीटीजी-आयजीए ज्या प्रकारची अँटिबॉडी आहे, तो प्रकार) तपासावं. तेच कमी असलं तर रिपोर्ट फसवा निगेटिव्ह येतो. आणि तपासणीआधी पोळी बंद करू नये: अँटिबॉडी उतरतात, निदान हुकतं.

निदान झाल्यावर मात्र गहू, जव कायमचे बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, पण गव्हाच्याच गिरणीत दळलेले नाहीत. 'ग्लूटेन-फ्री'ची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. जात्यात उरलेलं पीठ ती सहज ओलांडतं. रवा, शेवया आठवतात, थालीपिठाच्या भाजणीतला गहू विसरतो. डब्यातल्या हिंगाचं लेबलही वाचा: त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि फोडणी तर रोजचीच.