घाटापलीकडे जायचं तर: लांबच्या प्रवासातल्या फास्ट चार्जिंगची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी लागू झाली. त्याआधी एप्रिलअखेर राज्य मंत्रिमंडळाने नवं ईव्ही धोरण मंजूर केलं. त्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावरच्या टोलमाफीचा समावेश होता. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असंही त्यात म्हटलं होतं. टोलमाफीची बातमी ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दिवसभर फिरली. २५ किलोमीटरवाल्या ओळीकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि तेही साहजिकच होतं, कारण हा आकडा जुनाच आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही महामार्गाच्या दोन्ही अंगांना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन, असंच लिहिलेलं आहे.

मधल्या सात वर्षांत काय झालं, हे पाहायला गेलं तर गोष्ट आणखी मागे, जपानपर्यंत जाते. किलोवॉटचे आकडे या गोष्टीत सतत पुढे येतात, पण माझ्या मते त्यांचं कौतुक जरा जास्तच झालं आहे. आपल्याकडचा लांबचा प्रवास बदलला तो प्लग कोणता हे एकदाचं ठरल्यामुळे, आणि एका चार्जरशेजारी दुसरा उभा राहिल्यामुळे.

घरातला सॉकेट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज देतो आणि बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. हे रूपांतर करणारं यंत्र गाडीतच बसवलेलं असतं. जागा, वजन आणि किंमत यांच्यामुळे ते लहान ठेवावं लागतं. टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ते ३.३ किलोवॉटचं होतं आणि बॅटरी ३०.२ युनिटची, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला जवळजवळ नऊ तास. फास्ट चार्जर म्हणजे हेच यंत्र गाडीबाहेर काढून, कपाटाएवढं करून रस्त्याच्या कडेला ठेवलेलं. तो थेट बॅटरीला डीसी देतो. मात्र किती द्यायची हे गाडी ठरवते, चार्जर नाही. गाडीतली बॅटरी सांभाळणारी यंत्रणा क्षणाक्षणाला मागणी कळवते आणि चार्जर तेवढंच पुरवतो. म्हणून १२० किलोवॉटच्या मशीनला २५-३० किलोवॉट घेणारी गाडी लावली तर मशीनवरचा मोठा आकडा नुसता पाहायचा.

हे काम रस्त्यावर आणण्यात टोकियोच्या टेपको या वीज कंपनीचा वाटा मोठा. कंपनीच्या कामावरच्या विजेच्या गाड्यांबद्दल तिचं एक निरीक्षण या विषयातल्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. फक्त तळावर चार्जर होता, तेव्हा चालक बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक असतानाच माघारी फिरायचे. हद्दीत फास्ट चार्जर बसवल्यावर तेच चालक लांबवर जाऊ लागले आणि बॅटरी बरीच उतरवून परतू लागले. गंमत अशी, की त्या नव्या चार्जरचा प्रत्यक्ष वापर फारसा झालाच नाही. तो आहे, एवढं माहीत असणं पुरेसं होतं.

मार्च २०१० मध्ये जपानी कंपन्यांची चाडेमो संघटना उभी राहिली आणि तिचा प्लग जगभर निघाला. जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांना तो नको होता. त्यांनी २०१२ मध्ये सीसीएस पुढे आणला, ज्यात एसी आणि डीसी एकाच तोंडात मावतात. त्याच वर्षी सप्टेंबरात टेस्लाने कॅलिफोर्नियात सहा ठिकाणी स्वतःचे सुपरचार्जर सुरू केले, स्वतःच्याच प्लगचे. चीनने आपला जीबी-टी वेगळा ठेवला. एका कामाला चार प्लग झाले, आणि भारतात हा विषय गांभीर्याने निघाला तेव्हा चौघांची भांडणं चालूच होती.

आपण २०१७ मध्ये पाचवी वाट काढली. भारत डीसी-००१ आणि भारत एसी-००१ हे स्वस्त, कमी व्होल्टेजच्या गाड्यांसाठीचे चार्जर ठरले. डीसीवाला १५ किलोवॉटचा, जीबी-टी धर्तीच्या गनचा (गन म्हणजे केबलच्या टोकाचा, गाडीत खुपसायचा प्लग). त्याच सुमारास ईईएसएल या सरकारी कंपनीने १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली होती. त्या गाड्या टाटा टिगोर आणि महिंद्रा ई-व्हेरिटोच्या, सरकारी कार्यालयांच्या दिमतीला. कार्यालयातून मंत्रालय आणि परत, एवढ्या फेऱ्यांना १५ किलोवॉट पुरेसे होते. घाट चढून पलीकडे जाणारा माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हता.

मग आली डिसेंबर २०१८ ची तत्त्वं. प्रत्येक सार्वजनिक स्टेशनवर सीसीएस, चाडेमो, टाइप-२ एसी, भारत डीसी आणि भारत एसी, असं सगळंच ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. कुठला प्लग टिकेल हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सरकारने सगळ्यांवर पैसे लावले, पण दुसऱ्यांच्या खिशातून. ज्या गाड्या रस्त्यावर नाहीत त्यांच्यासाठी गन विकत घेऊन ठेवायला कोण तयार होणार? ऑक्टोबर २०१९ मध्ये ती अट सैल झाली आणि कोणती गन ठेवायची हे चालवणाऱ्यावर सोपवलं गेलं. तोवर बाजाराने निकाल दिलाच होता. जुलै २०१९ मध्ये आलेली ह्युंदाई कोना सीसीएस-२, म्हणजे सीसीएसचाच एक प्रकार, घेऊन आली. जानेवारी २०२० मधल्या एमजी झेडएस आणि नेक्सॉन ईव्हीही त्याच प्लगच्या.

२०१८ मधला माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा कागद मात्र वेगळाच आहे, आणि त्याचा गाजावाजा अजिबात झाला नाही. १३ एप्रिल २०१८ रोजी ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नाही, सेवा आहे. वीज कायदा २००३ प्रमाणे वीज विकायला परवाना लागतो. हा खुलासा नसता तर पेट्रोल पंपवाला, हॉटेलवाला, मॉलवाला यांपैकी कुणालाच चार्जर लावून पैसे घेता आले नसते. महामार्गावर आज जे काही उभं आहे ते या एका पानाच्या जोरावर. त्याचीच दुसरी बाजूही आहे. सेवा म्हटल्यावर १८ टक्के जीएसटी आला. घरी सात-आठ रुपयांत पडणारं युनिट रस्त्यावर वीसच्या पुढे जातं, त्यात या कराचा वाटा आहे. बाकीचा वाटा मशीनचा आणि जोडणीचा. साठ किलोवॉटचा भार नेहमीच्या मीटरवर निघत नाही. महावितरणकडून वेगळा भार मंजूर करून घ्यायचा, प्रसंगी नवी डीपी बसवायची, आणि मग दिवसाला किती गाड्या येतात याची वाट पाहायची.

नवी मुंबई या इतिहासात लवकर आली. इथल्याच मॅजेंटा कंपनीने २०१८ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चार्जिंगचा कॉरिडॉर सुरू केला, तो देशातला पहिला म्हणून गाजला. २०२१ मध्ये तुर्भ्याला तिने २१ चार्जरांचं स्टेशन उघडलं. त्यात डीसी फास्ट चार्जर चारच होते, बाकी सगळे संथ. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना ते चालत होतं. लांब निघालेल्याला नाही.

एक्सप्रेसवेवर चार्जर लावायचा तर जागा कोणती, याचं उत्तर सगळ्यांनी एकच दिलं: फूड मॉल. गाड्या तिथे थांबतातच, वडापाव-चहात वीस मिनिटं जातातच. हिशेब मात्र थोडा चुकतो. ठाण्याहून पूर्ण भरून निघालेली गाडी खालापूरच्या फूड मॉलला पोचते तेव्हा साठ-सत्तर टक्के बॅटरी शिल्लक असते. लिथियमची बॅटरी दहा ते साठ टक्क्यांपर्यंत भराभर घेते, ऐंशीनंतर हात आखडते. जबरदस्ती केली तर आत धातूचं लिथियम साचून तिचं आयुष्य घटतं, म्हणून गाडीच मागणी कमी करते. म्हणजे जाताना खालापूर फार लवकर येतं. पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याला चार्जर हवा तो पुण्यात किंवा तळेगावच्या बाजूला. कोल्हापूरला निघालेल्याला तो सातारा-कराडकडे हवा, कारण तेवढा पल्ला साधारण पावणेचारशे किलोमीटरचा. पहिली दोन वर्षं चार्जर होते ते मुंबई-पुणे पट्ट्यात दाटीने, आणि त्यापुढे विरळ.

घाटाची धास्ती मात्र वाजवीपेक्षा जास्त होती. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,७०० किलो धरा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. नुसतं ते वजन उचलायला अडीच युनिट लागतात, यंत्रातला तोटा धरून तीन. पहिल्या नेक्सॉनच्या बॅटरीचा हा दहावा हिस्सा, आणि उतरताना त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत जमा होतो. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ पासून हाच उतार वापरतं आहे: लोणावळ्याच्या तलावांचं पाणी तेवढ्याच उंचीवरून खाली सोडून वीज. बॅटरी खरी खाल्ली जाते ती सपाट रस्त्यावर ताशी शंभरने पळताना, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पेट्रोलच्या सवयीने गाडी चालवणाऱ्याला हे उलटं वाटतं. कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलं तरी गाडीतल्या गारव्यापुरतं युनिट-दीड युनिट जातं, आणि पहिल्या नेक्सॉनचा, एआरएआय या चाचणी संस्थेने दिलेला ३१२ किलोमीटरचा आकडा एक्सप्रेसवेवर दोनशेच्या आसपास येऊन थांबतो.

नेक्सॉन आली आणि दोन महिन्यांत लॉकडाउन लागला. त्यानंतर लोक बाहेर पडले ते ढाब्यांच्या भरवशावर. डिकीत पोर्टेबल चार्जर, जाड वायरचं एक्स्टेन्शन, आणि ढाबेवाल्याला विचारायचं, पंधरा अँपियरचा सॉकेट आहे का? फ्रीजरच्या मागे असायचा. गाडी लावली की पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा, कारण अर्थिंग नाही. अर्थिंग मिळालंच तर तासाला वीस-बावीस किलोमीटरची भर. दोन जेवणं होतील एवढ्या वेळात पन्नास किलोमीटर. ढाबेवाल्याला मीटरची काळजी, बायकामुलांना कंटाळा.

फास्ट चार्जर वाढले तसे नवे त्रास कळू लागले. चार्जर ॲपवर हिरवा दिसतो, प्रत्यक्षात बंद. मशीन सुरू व्हायला मोबाइल नेटवर्क लागतं, आणि घाटाच्या कुशीत ते जातं. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, प्रत्येकात दोन-तीनशे रुपये अडकलेले. सगळ्यात साधा घोळ लाल इमर्जन्सी बटणाचा. कुणीतरी पोराने दाबलेलं असतं, ते दाबलेलंच राहतं आणि मशीन गप्प. बटण बाणाच्या दिशेने पिळलं की बाहेर येतं, मशीन दोनेक मिनिटांत पुन्हा सुरू होतं. हे माहीत नसल्यामुळे किती गाड्या पुढच्या चार्जरकडे जीव मुठीत धरून गेल्या असतील, देव जाणे. दोन गनच्या मशीनचीही गंमत आहे. साठ किलोवॉट लिहिलेलं असतं, शेजारी दुसरी गाडी लागली की प्रत्येकी तीस.

अशा ठिकाणी एकुलता एक चार्जर, मग तो कितीही तगडा असो, कामाचा नाही. टेपकोचा धडा इथे उलट्या बाजूने लागू पडतो. चार्जर आहे हे माहीत असून तो चालेल याची खात्री नसेल, तर माणूस निम्म्या बॅटरीवरच थांबा शोधायला लागतो.

आकडे वाढले, हे खरं. विजेच्या गाड्यांना चालना देणाऱ्या केंद्राच्या फेम-२ योजनेतून मार्च २०२३ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना पंपांवर ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं चालू होती, त्यांतली ३,०७९ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. एसटीने या भानगडीत न पडता आपल्या डेपोंतच चार्जर बसवले आणि मे २०२३ मध्ये ठाणे-पुणे ई-शिवनेरी सुरू केली. दोन्ही टोकं आपलीच असली की मधल्या रस्त्याची फिकीर राहत नाही. खासगी गाडीवाल्याला ती चैन नाही. त्याचं एक टोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतं, आणि तिथेही मीटरची परवानगी कमिटीच्या तीन मीटिंगांनंतर मिळते.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूरचा रस्ता ठाणे जिल्ह्यातून सुरू झाला. त्याच्यावर वेग जास्त आणि मधे गावं नाहीत, म्हणजे बॅटरीला सगळ्यात महाग पडणारा रस्ता. राज्याच्या २०२१ च्या धोरणात मुंबई-नागपूर हा २०२५ पर्यंत ईव्हीसाठी सज्ज करायच्या चार मार्गांपैकी एक होता. बाकीचे तीन मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक आणि पुणे-नाशिक. त्या यादीत गोवा महामार्ग नव्हता.

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळमधला चाकरमानी वर्षातला सगळ्यात मोठा प्रवास करतो तो मात्र त्याच रस्त्याने, गणपतीला. माणगाव, महाड, चिपळूण या पट्ट्यात आता चार्जर आहेत, बरेचसे हॉटेलांच्या आवारात. वर्षभर ते निवांत असतात आणि चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री तिथे रांग लागते. पनवेलजवळच्या पळस्प्याहून सगळे शंभर टक्क्यांवर निघालेले असतात, त्यामुळे सगळ्यांची बॅटरी साधारण एकाच टापूत उतरते. ऐंशी झाले की गाडी काढा, असं मागचा सांगतो. कुणी ऐकतं, कुणी जेवायला गेलेलं असतं. गावी पोचल्यावर घाई नसते. पडवीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर, अर्थिंग धड असेल तर, पाच दिवसांत बॅटरी सावकाश पूर्ण भरते. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर रत्नागिरीच्या बाजूने निघालेल्या जुन्या नेक्सॉनला ती महाडपर्यंत पुरते. परतीची रांग म्हणून महाड-माणगावला लागते.