याकिनिकू

याकिनिकू : (जपानी, ‘याकि’ – भाजलेले, ‘निकु’ – मांस). मांसाचे पातळ काप मेजातल्या जाळीवर जेवणाऱ्याने स्वतःच भाजून, सॉसमध्ये बुडवून खाण्याचा जपानी भोजनप्रकार. तसेच असे भोजन देणारे उपाहारगृह. मराठीत त्याला सरसकट ‘जपानी बार्बेक्यू’ म्हणतात. विदर्भातल्या वाचकाला तो समजावून सांगायचा तर हुरड्याच्या आगटीपासून सुरुवात केलेली बरी : मध्ये विस्तव, भोवती माणसे आणि निवायच्या आत तोंडात गेलेला घास. फरक एवढाच, की आगटीवर भाजणारा एक आणि खाणारे दहा असतात. याकिनिकूत ज्याच्या त्याच्या हाती चिमटा असतो.

याकितोरी (काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे), तेप्पानयाकि (सपाट लोखंडी तव्यावर आचाऱ्याने समोर केलेले भाजणे) आणि रोबातायाकि (चुलाणाभोवती बसलेल्या गिऱ्हाइकांना लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पदार्थ देण्याची पद्धत) हे प्रकार वेगळे. तिन्हींत भाजणारा दुकानाचा माणूस असतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते याकिनिकूत मोडत नाहीत. अमेरिकेत ‘हिबाची’ हे नाव तव्यावरच्या जेवणाला चिकटले आहे. जपानात मात्र हिबाची म्हणजे खोली ऊबदार ठेवण्याची निखाऱ्यांची कुंडी. आपल्याकडे मोठ्या शहरांत मेजाच्या खळग्यात शेगडी ठेवून तिच्यावर शिगा मांडतात, तोही याकिनिकू नव्हे. त्या शिगांवरचे चिकन-पनीर मुदपाकखान्यात मसाला लावून बहुतेक शिजलेलेच येते. गिऱ्हाईक ते फक्त गरम ठेवते.

उगम : याकिनिकू मूळ जपानी की कोरियन, हा वाद जुना आहे. जपानात मांसाहार कायम निषिद्ध होता असे ढोबळपणे लिहिले जाते. ते नेमके नाही. सम्राट तेम्मू याच्या 675 मधील आज्ञेने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी या पाच प्राण्यांचे मांस वर्ज्य केले, पण चौथ्या ते नवव्या चांद्रमासापुरते. हरीण व रानडुक्कर त्यात नव्हते. आज्ञेमागे बौद्ध धर्माची प्रेरणा होती असे पूर्वी मानत. हे महिने भाताच्या लावणी-कापणीचे असल्याने कामाची जनावरे राखणे हाही हेतू असावा, असे अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते अधिक पटते. नंतरच्या शतकांत निषेध कडक होत गेला. मेइजी सम्राटाने 1872 मध्ये गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा तो अधिकृतपणे सैल झाला.

त्याच वर्षी कानागाकी रोबुन याने पाश्चात्त्य पाककृतींवर लिहिलेल्या पुस्तकात ‘याकिनिकू’ हा शब्द पाश्चात्त्य पद्धतीने भाजलेल्या मांसासाठी वापरला, असे सांगतात. जपानी उगमाची बाजू मांडणारे या उल्लेखावर भिस्त ठेवतात. परंतु शब्द जुना म्हणून प्रथा जुनी ठरत नाही. मेइजी काळातले गोमांस मुख्यतः रश्शात शिजवून खाल्ले जाई; मेजावर जाळी ठेवून भाजण्याची रीत त्यात दिसत नाही.

दुसरे मत असे : 1910 मध्ये जपानने कोरिया ताब्यात घेतला आणि मजुरीसाठी आलेले, पुढे सक्तीनेही आणलेले कोरियन लोक जपानात वसले. 1945 मध्ये त्यांची संख्या सुमारे 20 लाख होती; पैकी 6 लाखांच्या आसपास मागे राहिले. युद्धोत्तर टंचाईत ओसाका आणि टोकियोच्या काळ्या बाजारांलगत या लोकांनी शेगड्या मांडल्या आणि जपानी खाटीक ज्याला हात लावत नसत ते कोथळ्याचे मांस भाजून विकले. ओसाकाचे शोकुदोएन व टोकियोचे मेइगेत्सुकान ही 1946 च्या सुमारास सुरू झालेली उपाहारगृहे आद्य मानली जातात; पहिले कोणते यावर एकमत नाही. कोरियन बुलगोगी (‘बुल’ – विस्तव, ‘गोगी’ – मांस) या शब्दाचा अनुवाद म्हणजे याकिनिकू, असेही म्हटले जाते. उलट बुलगोगी हाच जपानी शब्दाचा अनुवाद असल्याचा दावा अलीकडे कोरियात झाला. भाषाशास्त्रज्ञांनी तो मानलेला नाही. कोरियाची फाळणी झाल्यावर उपाहारगृहाच्या पाटीवर ‘उत्तरेचे’ नाव लिहावे की ‘दक्षिणेचे’, या पेचातून कोणत्याच देशाचे नसलेले ‘याकिनिकू’ रूढ झाले, हे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते व ते संभवनीय आहे.

एकंदरीत शब्द जपानी, मेजावरची जाळी कोरियन स्थलांतरितांची आणि भाजल्यानंतर बुडवण्याचा सॉस जपानात वाढलेला, असे म्हणणे प्रस्तुत नोंदकाराला रास्त वाटते. मेन्यूतले शब्दही हेच सांगतात. ‘कारुबी’ (बरगडीचे मांस) कोरियन गाल्बीवरून आला; ‘तान’ (जीभ) आणि ‘रोसु’ (पाठीचे मांस) इंग्रजीतून; ‘हारामी’ (छाती व पोट यांमधला पडदा) मात्र जपानी. रोसु म्हणून मांडीचे मांस विकण्याची चाल इतकी बोकाळली होती, की 2010 मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाला त्याबद्दल समज द्यावी लागली.

होरुमोन : आतडी, जठर इत्यादींना याकिनिकूत ‘होरुमोन’ म्हणतात. ओसाकाकडच्या बोलीतील ‘होरु मोनो’, म्हणजे टाकून द्यायची वस्तू, यावरून हा शब्द आला, अशी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. युद्धापूर्वीच अंगात ताकद आणणाऱ्या पदार्थांना, अगदी अंडी आणि कंदांनाही, ‘हॉर्मोन’चे जेवण म्हणत. त्या वापरावरून शब्द हॉर्मोनचाच असावा, हे मत पुराव्याच्या दृष्टीने अधिक भक्कम आहे. तरी पहिली व्युत्पत्ती मागे पडत नाही. टाकलेले उचलून ज्यांनी पोट भरले, त्यांच्या वस्तीत ती जन्मली असणार.

विदर्भाच्या संदर्भात हा मुद्दा जरा थांबून पाहण्याजोगा आहे. मराठवाडा-विदर्भातील दलित वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या काढून दोरीवर वाळवीत. त्यांना चान्या म्हणतात. पावसाळ्यात चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली की चानी फुलते, तडतडते, आणि तिच्यासोबत ज्वारीची भाकर उतरते. वजडीही अशीच विस्तवाच्या आधाराने खाल्ली जाई. जपानात होरुमोनची दुकाने झाली, पुढे त्यांना मानही मिळाला. इथे उलट घडले : 1927 च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, आणि पुष्कळ घरांनी ते सोडणे हाच स्वाभिमान मानला. त्यामुळे ‘टाकलेल्याची चव’ हा जपानी मेन्यूचा गोडवा वैदर्भीय वाचकाला जसाच्या तसा लागू करू नये.

इंधन व उपकरणे : जुने उपकरण शिचिरिन, म्हणजे हलकी, हाताने उचलता येणारी शेगडी. चांगली शिचिरिन नोतो द्वीपकल्पातील सुझु भागातल्या डायटमी मातीचे (सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेल्या मातीचे) ठोकळे कोरून करतात. ही माती उष्णता जाऊ देत नाही, त्यामुळे आत निखारा लाल असतानाही बाहेरून हात लावता येतो. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात या भागाची मोठी हानी झाली. ‘शिचि’ म्हणजे सात आणि ‘रिन’ हे छोटे नाणे. सात रिनच्या कोळशात काम भागे म्हणून हे नाव, असे सांगतात. रिन हे वजनाचेही माप असल्याने ही कथा दोन्ही अंगांनी सांगितली जाते, आणि तिची खातरजमा करण्यासारखे फारसे काही हाती नाही.

कोळशांत बिनचोतान श्रेष्ठ मानतात. तो वाकायामा भागातील उबामे ओकचा असून गेनरोकु काळातील (1688–1704) तानाबे येथील व्यापारी बित्चुया चोझाएमोन याच्या नावावरून ओळखला जातो. भट्टी शेवटी उघडून हवा आत सोडतात, उष्णता सुमारे 1000 अंश सेल्सिअसवर नेतात, आणि लाल कोळसे बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली दाबतात. त्या राखेने तो पांढुरका दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काशाच्या भांड्यासारखा नाद येतो. पेटायला उशीर लावतो, पण पेटल्यावर धूर जवळजवळ नसतो आणि आच तासन्‌तास टिकते.

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात नुसते ‘कोळसा’ म्हटले तर समोरचा दगडी कोळसा समजतो. तो या कामाला मुळीच चालत नाही. त्यातील गंधक व डांबराचा वास मांसात उतरतो. मागायचा तो लोणारी, म्हणजे लाकडी कोळसा. धावडा किंवा खैर या जड लाकडांचा कोळसा बिनचोतानच्या जवळ जातो, बाभळीचाही चालतो. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुराट्या भडकन पेटून विझतात. त्या वांग्याच्या भरताला ठीक, जाळीला नाही. कोणताही कोळसा बंद खोलीत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भातही येतात.

धूर खाली ओढून मेजाच्या पोटातून बाहेर नेणारी यंत्रे 1980 च्या सुमारास नागोयात तयार झाली, तेव्हापासून याकिनिकू कुटुंबाने, कपड्यांना वास न लागता खाण्याची गोष्ट झाली. ओसाकातील त्सुरुहाशी स्थानकाचा परिसर मात्र अजून धुराच्या वासानेच ओळखू येतो. 2001 मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने निवडलेल्या 100 सुगंधी ठिकाणांत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात जपानात गायींचा बीएसई (‘मॅड काऊ’) रोग आढळला आणि 1991 मध्ये आयात खुली झाल्यापासून वाढलेल्या या धंद्याला मोठा फटका बसला. कच्च्या गोमांसातून 2011 मध्ये झालेल्या विषबाधेत माणसे दगावल्यानंतर, जुलै 2012 पासून गाईचे कच्चे काळीज (यकृत) देण्यास बंदी आली. ऑगस्टची 29 तारीख ‘याकिनिकू दिवस’ म्हणून पाळतात, कारण 8-2-9 हे आकडे जपानीत ‘या-नि-कु’ असे वाचता येतात.

खाण्याची रीत : आधी मिठाची जीभ, मग सॉसचे तुकडे, कच्च्याला एक चिमटा, शिजलेल्याला दुसरा, जाळी भरून टाकू नये. बाकी ज्याने त्याने पाहून शिकावे.

विदर्भात : विदर्भाचा जपानशी संबंध लोकांच्या मनात जेवणाचा नसून धम्माचा आहे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर (1999) जपानी साहाय्याने उभे राहिले, आणि जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी नागपूरला आपली कर्मभूमी केली. याकिनिकू असे नाव लावलेले उपाहारगृह विदर्भाच्या ग्रामीण भागात नोंदकाराच्या पाहण्यात नाही. ताडोबा-पेंचच्या वेशीवरच्या मुक्कामांत मात्र त्याची नक्कल होते. महाराष्ट्रात गाईची कत्तल 1976 च्या कायद्याने आणि बैल-वळूंची 2015 पासून बंद असल्याने मूळ मांसच बाद होते; त्या जागी कोंबडी, बोकड, झिंगे, पनीर येतात. बोकडाच्या मांसाला चरबी कमी. पातळ काप करून कच्च्या पपईत तासभर ठेवला नाही तर जाळीवर त्याचे चामडे होते.

अशी एक मेजवानी नोंदकाराने पाहिली. लोखंडी शेगडी मेजावर विटांवर ठेवली होती, सॉस सोया, गूळ, लसूण आणि भाजलेल्या तिळाचा. कोळसा ओलसर निघाला, ठिणग्या उडाल्या, आणि वारा घालायला लावलेल्या पंख्याने राख सगळ्यांच्या ताटात नेली. चंद्रपूर जिल्ह्यातील ‘मूल’ या गावातून आलेल्या एका वयस्क पाहुण्याने दोन तुकडे उलटसुलट करून पाहिले व विचारले, “हे आमीच भाजाचं, त पैसे कायचे घेता जी?” मग त्यांनी भाकर मागवली, भाजलेली कोंबडी तिच्यात गुंडाळली आणि सॉसऐवजी मिरचीचा ठेचा लावला. तासाभरात सगळे मेज तसेच खात होते.

या भागात विस्तवावरचे सामुदायिक जेवण मुळात मांसाचे कमी व धान्याचे जास्त. पश्चिम विदर्भात रोडगे करतात : कणकेचे तेल लावून थर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या फुफाट्यात पुरायचे, भाजल्यावर गोणपाटात घोळून राख झाडायची आणि वांग्याची भाजी व वरणासोबत कुस्करून खायचे. अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा रोडग्यांसाठी व हंडीतल्या मटणासाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात ती सुरू होते, माणसे राहुट्या टाकून मुक्कामाला राहतात. इथल्या पशुबळीविरुद्ध गाडगे महाराजांनी जनजागृती केली होती. बळी थांबला, हंडी राहिली.

हुरड्याची आगटी मात्र विरळ होत चालली आहे. ज्वारीखालचे क्षेत्र सोयाबीनने खाल्ले, आणि हुरड्यासाठी राखलेली वाणी ज्वारी आता बांधालगतच्या चार तासांपुरती (पिकाच्या ओळींपुरती) उरली आहे.