कॅराबिनरवरचे बाकीचे दोन आकडे

पावसाळा आला की मुंबईहून शनिवार-रविवार धबधब्यांवर रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) जाणाऱ्यांची झुंबड उडते आणि दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, कॅराबिनरवर (दोर अडकवायची, स्प्रिंगच्या गेटची धातूची कडी) २० लिहिलंय म्हणजे दोन टन, हत्ती लटकवा! अहो पण त्याच्या शेजारी अजून दोन आकडे कोरलेले असतात, बहुतेक वेळा ७ च्या आसपास, ते का नाही वाचत? हे आकडे किलोन्यूटनमधे असतात, १ म्हणजे साधारण १०० किलोचा भार. २० फक्त लांबीच्या दिशेने आणि गेट बंद असताना. आडवा ताण आला किंवा गेट उघडं राहिलं तर ७.

आता नुसतं गेट उघडलं तर एवढी ताकद कुठे जाते? बंद असताना गेटचं टोक समोरच्या नाकात, म्हणजे कडीच्या टोकाच्या खाचेत, अडकतं, कडी पूर्ण होते, भार पाठीचा दांडा आणि गेट दोघं मिळून घेतात. उघडल्यावर उरतो नुसता हुक, पिशवी जड झाली की भिंतीवरचा तारेचा हुक सरळ होतो ना, तसंच. रोप (दोर) पाठीच्या दांड्यापासून जितका लांब तितका वाकवणारा जोर जास्त, शाळेतलं बल गुणिले अंतर. म्हणून तर डी आकार, त्यात रोप आपोआप दांड्याकडे सरकतो. ओव्हलमधे तो मधोमध बसतो, गेटवर जास्त भार येतो, म्हणून त्याची ताकद थोडी कमी. पेअर शेपचा रुंद असतो, बिलेला, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळताना, रोप नीट फिरायला.

आणि गंमत म्हणजे थोड्या भाराला हे गेट कामच करत नाही, नाकाशी बारीकशी फट असते. अंगाचं वजन लटकलेलं असतानाही बऱ्याच कॅराबिनरचं गेट बोटाने उघडतं. मोठा झटका आला की दांडा किंचित ताणतो, मगच गेट अडकून भार घेतं.

मुंब्र्याच्या कातळावर लीड करताना (सगळ्यांत पुढे, वाटेत रोप अडकवत चढताना) पडलात आणि तुम्हाला ५ किलोन्यूटनचा झटका बसला असं धरा. वरच्या कॅराबिनरमधून रोप वळून बिलेयरकडे जातो, घर्षण वजा जाता तिकडे ३ च्या आसपास, पण कॅराबिनरवर दोन्हींची बेरीज, ८! नेमकं तेव्हाच गेट कातळावर आपटून उघडलेलं असेल तर ७ पुरत नाहीत. रोप सळसळत गेला की थरथरीनेही जड गेट क्षणभर उघडतं, वायरगेटची तार हलकी असल्याने ते कमी उघडतं. अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) मात्र स्क्रूगेट किंवा ऑटोलॉक, म्हणजे लॉक होणारं गेटच.

मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळणारे स्प्रिंग हुक किंवा किचेनचे रंगीत कॅराबिनर यांवर माणूस लटकवू नका, त्यांवर हे तीन आकडे नसतात. खंडेनवमीला गियरला हळदकुंकू जरूर वाहा, पण पूजेने स्प्रिंगमधली खार जात नाही, समुद्राकाठच्या हवेत ॲल्युमिनियमही खराब होतं. कोमट गोड्या पाण्याने बिजागरी धुवा, वाळवा, सिलिकॉनचा थेंब सोडा, आणि एवढं करूनही गेट सोडल्यावर आपलं आपण खट्कन बंद होत नसेल तर तो कॅराबिनर बाद.